हिरव्या बिस्किटांबाबत माझा जबाब पुन्हा घेण्याविषयी

प्रति,
मा. अन्न निरीक्षक,
अन्न तपासणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : तपासणी अहवाल माझ्या दिवंगत पत्नीस वाचून दाखवणे व माझा जबाब नव्याने घेणे.
संदर्भ : 'मृत व्यक्तीस अहवाल देण्याची तरतूद नाही' हे आपले दि. ३ चे पत्र.

महोदय,

तरतूद नाही हे समजले. तरी पुन्हा अर्ज करतो, माझाही नाइलाज आहे.

१. मी एकतीस वर्षे बेकरी चालवतो. सूर्यफुलाच्या सोललेल्या बियांचे तेल काढल्यावर जी पेंड उरते, ती दळून मैद्यात मिसळायची, म्हणजे बिस्किटाला डाळीसारखा कस येतो, ही कल्पना माझ्या पत्नीची. पेंडीच्या पिठाच्या पोत्यावर 'सोडा घालू नये' असे छापले होते. तिने ते मला दोनदा वाचून दाखवले. भट्टीपुढे जन्म गेलेल्या माणसाला आता पोते शिकवणार का, असे म्हणून मी तिची पाठ वळताच सोडा घातला.

२. बिस्किटे आतून शेवाळासारखी हिरवी निघाली. आपण गिऱ्हाइकांसमक्ष 'बुरशी' म्हणालात, डबे सील केलेत आणि पीठ कोणाच्या हातचे, असे विचारलेत. मी तिच्याकडे बोट दाखवले. त्यानंतर तिने अंथरूण धरले. आजार जुनाच होता, त्याबद्दल आपणास दोष देत नाही. पण ती रोज विचारायची, "अहो, कुणाच्या लेकराला काही झालं नाही ना?" मी म्हणायचो, झोप आता.

३. ती गेल्यावर नवव्या दिवशी आपला अहवाल आला. बुरशी नाही, खाण्यास योग्य, हिरवा रंग केवळ सोड्यामुळे.

४. हल्ली मी साध्या मैद्याचीच बिस्किटे करतो. तरीही दुपारचा ट्रे बाहेर काढून मी हात धुऊन येईपर्यंत त्यातले एक बिस्कीट मधोमध मोडलेले असते. उंदीर म्हणावा, तर उंदीर आतला रंग पाहून दोन्ही तुकडे परत जागेवर ठेवत नाही. पीठ मळायच्या टेबलासमोर उभे राहून मी अहवाल सात वेळा वाचला. मोडणे थांबत नाही. माझ्या शब्दावर तिने विश्वास तरी का ठेवावा? मला भीती वाटत नाही, साहेब. लाज वाटते.

सबब, आपण एकदा दुपारी शिक्क्यासह समक्ष यावे, अहवाल मोठ्याने वाचावा आणि सोडा कोणी घातला, असे मला विचारावे. अहवालात ते लिहिलेले नाही आणि रिकाम्या खोलीत माझ्या तोंडून ते निघत नाही. जबाब कृपया लेखी घेऊ नये. तिला वाचता येणार नाही, तिचा चष्मा मी देऊन टाकला आहे.

आपल्या उत्तराची नव्हे, येण्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
बेकरीवाला, मयताचा पती
दि. ११

सोबत :
१) अहवालाची प्रत
२) मृत्यूचा दाखला
३) आजच्या ट्रेमधील बिस्कीट, दोन्ही तुकडे