किल्लेदाराची बाजू

प्रिय दादा,

काल माझी अकरावीची पोरं तुझी वाट बघत बसली होती, म्हणून हे पत्र. बारावीच्या मुलांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, "मॅडम ते जुनं नाटक सुरू करतात ना, त्या दिवशी स्वतः नाटककार वर्गात येतात. काळा कोट, मोठ्ठी मिशी!" कुणीतरी खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती. तू गेलास हे मुलांना सांगायचं राहूनच गेलं होतं. कसं सांगणार होते रे मी?

कल्पना तुझीच. लेखक-परिचय म्हटला की पोरं जन्मसाल पाठ करून मोकळी होतात, अशी मी एकदा तुझ्याकडे कुरकुर केली. तू बँकेतून अर्धी रजा टाकलीस, नाटकाच्या पेटीतला कोट चढवलास आणि नाटककार बनून थेट वर्गात! "शंभर वर्षांनी आलोय, आधी पाणी द्या," म्हणालास. एकानं जन्मसाल विचारलं तर म्हणालास, "ते गाइडात बघ. मी तेव्हा फार लहान होतो." तेवढ्यात मिशी सुटून ओठावर लोंबली, आणि हसून हसून पोरांची मुरकुंडी वळली.

मग तू हळूहळू त्यांना शेवटच्या अंकापाशी न्यायचास. दिवेलागणीला गडाचा दरवाजा लागला की पहाटेपर्यंत उघडायचा नाही, हा किल्लेदाराचा नेम. शत्रू मागावर आहे. किल्लेदाराचा एकुलता एक मुलगा जखमी होऊन दाराशी येतो, हाका मारतो, आणि किल्लेदार आतून कडीला हात लावत नाही. पहाटे दार उघडतं तेव्हा मुलगा उंबऱ्याशी मरून पडलेला असतो.

दरवर्षी कुणीतरी चिडून विचारायचंच, "सर, दार का नाही उघडू दिलंत?" तू म्हणायचास, "किल्लेदार दुष्ट असता तर तुम्ही त्याला शिव्या घालून घरी गेला असतात. तो बरोबर आहे, म्हणून तर रडू येतं." मी फळ्याजवळ उभी राहून मान डोलवायचे. किती छान वाटायचं ते ऐकायला!

दादा, आयसीयूच्या दारात काय झालं ते तुला माहीत तरी आहे का? तुला दुपारी आत नेलं. भेटायची वेळ संध्याकाळची. दारावरचा माणूस नांदगावकडचा, साधाभोळा. "ताई, आत्ता सोडलं तर माझी नोकरी जाईल. टाइम झाला का पहिलं तुम्हालाच सोडतो," म्हणाला. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. मी हुज्जत घातली नाही, बाकावर बसून राहिले. आपण मास्तरांची पोरं, रांग मोडायची नाही हे अंगातच मुरलेलं. संध्याकाळच्या आत दार उघडलं ते डॉक्टरांनी. नंतर सिस्टर म्हणाली, "बेबी कोण? सारखे विचारत होते."

मी दाराच्या अलीकडेच होते रे! मोठ्यानं हाक का नाही मारलीस? स्पर्धेच्या नाटकात माइक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तुझा आवाज, तो एका दारातून येऊ नये? तोंडावर मास्क होता, कळतं मला. तरी मी चिडलेय तुझ्यावर.

काल मुलांना सांगितलं, नाटककार येणार नाहीत, ते माझे भाऊ होते, ते गेले. मग हरसूलची एक मुलगी उठली. हॉस्टेलला राहते, एरवी तोंड उघडत नाही. "मॅडम, मी पुस्तक आधीच वाचलंय. सरांना विचारणार होते. तुम्हाला विचारू का? किल्लेदाराचं बरोबर होतं का?"

तुझं वाक्य मला तोंडपाठ आहे. ओठापर्यंत आलं, पण म्हणवलं नाही.

"दार उघडायला हवं होतं," मी म्हणाले.

"मग गड गेला असता ना, मॅडम?"

"जाऊ दे."

"मग ती शोकांतिका नाय राहणार."

"नको राहू दे!" मी ओरडलेच. पोरं घाबरली. तीच मुलगी पाण्याची बाटली घेऊन पुढे आली, आणि माझ्या हाताला झाकण उघडेना.

इतकी वर्षं शिकवत आले, शोकांतिकेनं मन निवळतं, दुःखाला अर्थ येतो. कुठला अर्थ? वहिनी अजून तुझ्यापुरती भाकरी जास्त थापते नि सकाळी गाईला घालते. मी नदीवर जाते, घाटाच्या पायऱ्यांवर बसते, उठून घरी येते. काही निवळत नाही. त्या दारावरच्या माणसाचा राग करावा म्हटलं तर तोही येत नाही, त्यानं त्याचं काम केलं. धरून झोडपावं असं कुणी सापडतच नाही, दादा. हेच सोसवत नाही.

उपप्राचार्य म्हणाले, हे नाटक यंदा दुसऱ्या कुणाला देऊ. मी नको म्हटलं. शेवटचा अंक मीच वाचणार आहे, रडू आलं तर येऊ दे. पण तुला शब्द देते, यापुढे तुझ्या त्या वाक्यावर मान डोलवणार नाही. पोरांनी विचारलं बरोबर कोण होतं, तर आधी सांगेन की दाराबाहेर तो पोरगा हाका मारत होता, आणि आतल्या माणसाला त्या ऐकू येत होत्या. मला तर तेवढंही मिळालं नाही.

तुझी,
बेबी