गाव बांधला

मुक्काम वांगणी, संस्थान जव्हार
आश्विन वद्य त्रयोदशी, शके १८४०
शुक्रवार, ता. १ नोव्हेंबर १९१८

चि. सौ. अनसूयेस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. ‘मानमोडी’ हा शब्द तू तीनदा लिहिलास आणि तिन्ही वेळा शेवटची वेलांटी ऱ्हस्व दिलीस. साथीला भिऊन माणसे गाव सोडतात हे ठाऊक होते, दीर्घ वेलांट्याही सोडतात हे नवीन. एवढ्या मोठ्या रोगाला ऱ्हस्व करून तो लहान होत असेल तर मात्र माझी हरकत नाही.

आज धनत्रयोदशी. वैद्यांचा देव धन्वंतरी समुद्रातून वर आला तेव्हा त्याच्या हातात अमृताचा कलश होता म्हणतात. यंदा तो कुठे ठेचकाळला ठाऊक नाही. इकडे तरी आलेला नाही.

दत्तोपंतांची कचेरी चालू आहे आणि मुलांना अजून काही नाही, हे वाचून बरे वाटले. चाळीतली खालच्या मजल्यावरची तिघे गेली, तेही पत्रात वाचले. तू विचारतेस, “दादा, पळायचे कुठे तेवढे सांग.” भाऊबीजेला मी मुंबईस यावे आणि तुला व मुलांना जव्हारास आणावे; मी न आल्यास पंचमीला तू दोघांना घेऊन डहाणूपर्यंत आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने स्वतःच निघणार. डोंगरावर हवा चांगली, वस्ती विरळ, शिवाय दादा शहाणा. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत.

तुझ्या वहिनीने या खेपेस माझ्या पत्राखाली दोन ओळी का लिहिल्या नाहीत, रुसली का, असे विचारले आहेस. तिचे पुढे लिहितो.

नाशकाच्या प्लेगात बाबांनी आपल्याला मळ्यात झोपड्यांत नेले, ते दिवस तुला आठवतात म्हणतेस. तू दहा वर्षांची होतीस, तुला ती सहलच वाटली. झोपडीच्या कुडातून बाहेर बोट काढून तू गाईला बोलावत असायचीस. मी पंचविशीतला होतो, म्हणून माझ्या मनात सहलीऐवजी नियम बसला. बाबांचा नियम होता, उंदीर पडला की घर सोडायचे. आपण सोडले आणि सगळे वाचलो. गल्लीतले जे राहिले ते राहिलेच. वीस वर्षे मी तो नियम श्रुतीसारखा पाठ म्हणत आलो. प्लेग उंदराबरोबर घरात राहतो आणि ही मानमोडी माणसाबरोबर चालते, एवढा फरक माझ्या ध्यानात यायला हवा होता. संस्कृत शिकवणाऱ्याला उंदीर आणि माणूस यांतला फरक कळावा, ही अपेक्षा फार नाही.

तेव्हा जागांचा विचार करू.

जव्हार गावात साथ नवरात्रातच आली. शाळा बंद झाली. मुलांना त्याचा इतका आनंद झाला की पहिले दोन दिवस बाजारातून त्यांचे ओरडणे ऐकू येई. मग तेही थांबले. तेव्हा गाव नको.

मग शिरपामाळ. शहाण्या लोकांनी माळावर झोपड्या घातल्या, मीही जागा पाहून आलो. शिवाजी महाराज तिथे मुक्कामाला थांबले होते, त्या जागेवर आता आमचे शेजारी सतरंज्या टाकून एकमेकांच्या तोंडावर खोकत होते. महाराज निदान दुसऱ्या दिवशी पुढे गेले. तिथेही नको.

राहिली वांगणी. वांगणीचा नवसू बारा वर्षे आमच्याकडे लाकडाची मोळी घेऊन येतो. वहिनी त्याला भाकरी देते, तो तिला मध आणतो, आणि मी त्याला अक्षरे शिकवतो. ‘न’ आणि ‘व’ इथपर्यंत आम्ही पोचलो आहोत. वांगणीशेजारच्या वावर गावचा माघ्या बाजाराला आला होता, त्याच्याबरोबर मी नवसूला निरोप पाठवला: “आम्ही दोघे येतो, एक झोपडी बांधून ठेव.” तिसऱ्या दिवशी माघ्या उत्तर घेऊन आला. तो अंगणाबाहेरच उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, “मास्तर, नवसूनं सांगलाय, गाव बांधला!”

वहिनीला मी म्हटले, “पाहा, एक झोपडी मागितली तर गडी गावच बांधून मोकळा झाला.” ती म्हणाली, “नीट विचारा तरी एकदा. तो आत का येत नाही?” मी म्हटले, “आपला मान राखतो.” आणि त्याला हात करून वाटेला लावले.

अनू, धातू एकच आहे. पदच्छेद करण्यासारखे त्यात काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. बैलगाडी गेली तिथवर गेलो, पुढे पायी. मला दोन दिवस शिंका येत होत्या. शाळेतल्या जुन्या पोथ्यांची धूळ, असे निदान मीच केले होते. उन्हे कलताना वांगणीच्या वाटेवर आलो, तर ऐनाची एक मोठी फांदी आडवी पडलेली. पाने ताजी. तिला सूत गुंडाळलेले, खाली चिमूटभर तांदूळ आणि शेंदूर.

वहिनी थांबली. म्हणाली, “अहो, ही कुणीतरी मुद्दाम ठेवली आहे.”

मी म्हटले, “तुला सगळे मुद्दामच दिसते. जंगल आहे, झाडाची फांदी झाडावरून पडते.”

“आणि सूत? तेही झाडावरून पडते?”

त्यावर मी लोकांच्या भोळेपणावर चार वाक्ये बोललो. ती कुठल्याही शाळेत गेली नव्हती, दोन ओळींपुरती अक्षरे घरीच शिकलेली, आणि मी काशीच्या गुरूंचे नाव सांगत फिरणारा. काठीने मी फांदी बाजूला सारली आणि तिला म्हणालो, “चला, महाराणी.” ती तांदळावर पाय पडू नये म्हणून कडेने आली.

नवसू खळ्यात होता. आम्हाला पाहून तो मागे सरला आणि त्याने तोंडावर पंचा धरला. “मास्तर, गाव बांधलाय ना. सांगावा नाय पोचला तुला?”

“पोचला म्हणून तर आलो.”

त्याने माझ्याकडे पाहिले, मग वाटेकडे. घराघरांतून माणसे बाहेर येऊन उभी राहिली. शेवटी त्याची बायको बुधी पुढे आली आणि त्याला म्हणाली, “बाय थकलीय, दिसत नाय तुला? बसू दे तिला.” तिने नाचणीची पेज आणली. आपल्या गोठ्याशेजारची दाणे ठेवायची खोली रिकामी करून दिली. झोपडी कुठेच बांधलेली नव्हती. मला वाटले, आळशी लोक, बोलतात आणि करत नाहीत. बुधीच्या हातची पेज पिता पिता मला असे वाटले. मी सांगतो आहे ते सगळे सांगायचे ठरवले आहे, म्हणून हेही.

त्या रात्रीपासून मला ताप. तीन दिवसांत उतरला. चौथ्या दिवशी वहिनीला आला.

बुधी तिच्यापाशी बसायची. दोघी काय बोलत कुणास ठाऊक. एकीची बोली दुसरीला निम्मी कळे. पण वहिनी हसायची. एकदा मी विचारले तर म्हणाली, “बुधी विचारते, तुझ्या नवऱ्याला एवढे शिकून फांदी ओळखता येत नाही?” बुधी तोंडावर पदर घेऊन हसली. मीही हसलो. मला वाटले ही थट्टा आहे.

सहाव्या दिवशी बुधी पडली, आणि आठव्या दिवशी सकाळी गेली. त्याच दुपारी वहिनी.

हे वाक्य लिहायचे टाळत मी इथवर आलो. तू ते वेलांट्यांपाशीच ओळखले असशील.

तिने शेवटी मागितले ते ऊन पाणी, आणि ते मला चुलीवर नीट तापवता आले नाही. धूर झाला. ती म्हणाली, “असू दे.” बाकी काही नाही. नवसूने स्वतःच्या घरातले आटोपून तुझ्या वहिनीसाठी लाकूड तोडले. बारा वर्षे आमच्या दारात मोळी टाकत आला, तीच सवय. लाकूड उतरवताना ‘बाय’ म्हणून हाक मारण्याचीही.

त्यानंतर मी त्याला विचारले, “तू तर निरोप धाडलास, बांधले म्हणून.”

तो म्हणाला, “गाव बांधला, मास्तर. वाट बांधली. आतला आत, भायेरचा भायेर. रोग फिरतो तवा आमी बांधतो. फांदी घातली का कोनी येत नाय.” मग माझी समजूत काढावी तसा म्हणाला, “तुला नसंल ठावं. तू झोपडी समजलास?”

मी हो म्हटले. तो म्हणाला, “हां.” त्या ‘हां’ला मी अजून उत्तर शोधतो आहे. मला हाकलले का नाहीत, असेही विचारले. त्यावर त्याने आश्चर्य केले. “तू आलास. आता कुठं जाशील?”

इथे एकवीस घरे होती. आज सकाळी सात घरांतून धूर निघाला. नाचणी उभी आहे आणि कापायला कोणी नाही. पाऊस दगा देऊन गेला तरी जी थोडी आली ती पाखरे खात आहेत. नवसूची मुलगी लाडकी तापाने पडली आहे. सहा वर्षांची. ती मला ‘न’ काढून दाखवत असे, बापापेक्षा चांगला. मी तिच्यापाशी बसतो, तिला पाणी देतो. आता माझ्याकडून रोग लागण्यासारखे कुणी उरले नाही, एवढी एक सोय झाली आहे.

फांदी मी परत ठेवली आहे. जुनी वाळली, ताजी तोडून आणली. सूत गुंडाळता येईना, नवसूने गुंडाळून दिले. आता रोज सकाळी ती पाहून येणे माझ्याकडे आहे. बाहेरून कोणी आत येऊ नये म्हणून नव्हे. आतले बाहेर जाऊ नये म्हणून. वावरला अजून काही नाही. तुझे पत्र माघ्याने फांदीपलीकडे दगडाखाली ठेवले आणि दूरवर जाऊन ओरडला. हे पत्रही मी तसेच ठेवणार. तो कडुनिंबाच्या पाल्याची धुरी देऊन ते जव्हारच्या टपालात टाकील. तूही वाचून चुलीत घाल, आणि हात धू.

पाच दिवसांत ते तुझ्या हाती पडले पाहिजे. न पडले तर तू पंचमीला निघशील, तुझ्या भावावर विश्वास ठेवून, आणि वाटेत भेटेल त्या प्रत्येक गावाला काहीतरी देत येशील किंवा घेत येशील. ही गोष्ट मनात आली की मी उठून वाटेवर जातो आणि फांदी पुन्हा पाहतो, जणू ती मुंबईपर्यंत पुरणार आहे.

कुठे पळायचे ते विचारलेस. कुठेही नाही. खोलीचे दार लाव, मुलांना जिन्यात सोडू नकोस, दत्तोपंत कचेरीतून आले की कपडे उकळत्या पाण्यात टाक. एवढ्याने वाचाल असे मी म्हणत नाही. माझ्या म्हणण्याला आता काय किंमत आहे ते तू वाचलेस. पण निघू नकोस. निघालीस तर माझ्यासारखीच कुणाच्या तरी अंगणात बसून पेज पिशील, आणि ते लोक तुला हाकलणार नाहीत.

भाऊबीजेला माझी वाट पाहू नकोस. ओवाळायचेच झाले तर चंद्राला ओवाळ. भाऊ जवळ नसला की ती सोय आहेच.

अनू, तुझ्या दादाचा निरोप दोन शब्दांचा आहे. पदच्छेद नको, टीका नको, कोणाला विचारायला नको: गाव बांधला.

खाली दोन बोटे जागा कोरी सुटली आहे. ती मी सवयीने सोडली, वहिनीच्या दोन ओळींसाठी. आता त्यात काही लिहवत नाही. तशीच ठेव.

आतला,
दादा