क्लचवरचं लाकूड

चोपडा
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. आम्ही बरे आहोत. सुनंदाचा गुडघा पायऱ्या चढताना दुखतो, तरी दिवसातून चार वेळा गच्चीवर जाते आणि मग मला बोलते. केळीची बाग यंदा चांगली आहे.

पत्र बघून तू दचकली असशील. दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरी लागली तेव्हा तुला शेवटचं पत्र लिहिलं होतं. फोन हातातच असतो, पण फोनवर तू "जेवला का" विचारतेस, मी "हो" म्हणतो, आणि पुढचं काही निघत नाही. म्हणून कागद घेतला.

आधी बातमी सांगतो. आबांची पिकअप सापडली.

फेब्रुवारीत पद्मालयाला दर्शनाला गेलो होतो. येताना एरंडोलला, आबांनी गाडी विकली होती त्या मांगीलाल शेठच्या जुन्या जिनिंगजवळ चहाला थांबलो. शेठ तर कधीच गेले. त्यांचा नातू अमन गोदाम रिकामं करत होता. आत भिंतीकडे तोंड करून एक गाडी उभी होती, वर पत्रे रचलेले. मागची काच तेवढी दिसत होती, ताटासारखी गोल. अक्का, अशी गोल काच दुसऱ्या गाडीला असणं शक्यच नाही. रुपचंद मिस्त्रींनी जीपची चासी दीड फूट वाढवून, हातोडीने पत्रा ठोकून ती केबिन आबांसाठी बनवली होती. "आजोबांची पहिली गाडी, म्हणून कुणी मोडीत घातली नाही," अमन म्हणाला. मी त्याला म्हटलं, "मला दे." ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. सुनंदा दारात आली आणि म्हणाली, "रिटायर झाल्यावर लोक तीर्थाला जातात."

सहा महिने पंडितच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघं तिच्यामागे लागलो होतो. इंजिन जाम होतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल सोडलं, आठ दिवस तसंच ठेवलं आणि मग हँडल मारलं. पहिल्या दिवशी तसूभर हललं नाही. तिसऱ्या दिवशी पाव फेरा फिरलं, तेव्हा पंडितने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की सुनंदाने संध्याकाळी विचारलं, पडलात का कुठे. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ते सगळं नवं ओढलं. मागच्या हौद्याच्या फळ्या कुजलेल्या, तिथे बाभळीच्या घातल्या. दाराच्या बिजागरीखाली मूळ रंग बोटभर राहिला होता, कच्च्या केळीसारखा हिरवा. तोच मिळवून मारला. दीपनगरला तीस-पस्तीस वर्षं मोठमोठे पंप उघडून लावले, पण असं समाधान मिळालं नव्हतं. जळगावला कागदपत्रांचं काम चालू आहे, तोवर शेताच्या वाटेवरच फिरवतो.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. इथवर येताना चहा दोनदा झाला.

मेमध्ये पंडित केबिनचा गंजलेला तळ कापत होता. त्याने आतून हाक मारली, "भाऊ, हाई काय शे? काढी टाकू का?" वाकून पाहिलं. क्लचच्या पेडलवर लाकडाचा ठोकळा दोन बोल्टांनी बसवलेला होता. चार बोटं जाड, वरून पायाने झिजून गुळगुळीत झालेला. उंच माणसाला तो उपयोगाचा नाही, उलट आडवा येईल. शेठच्या ड्रायव्हरने तो का ठेवला कोण जाणे. मी पंडितला म्हटलं, "राहू दे." आणि बाहेर येऊन बसलो. कुणाचा पाय तिथे पोचत नव्हता, हे मला माहीत होतं.

रुपचंद मिस्त्री अजून आहेत, हे मला धुळ्याच्या एका पत्रेवाल्याकडून कळलं. देवपुरात मुलाकडे राहतात, ऐंशीच्या पुढे गेलेत, नजर कमी झालीय पण गाडी म्हटली की सगळं आठवतं. जूनमध्ये त्यांच्याकडे गेलो. तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतो, अक्का, आणि तुझ्याकडे न येता परत गेलो. हेही कबूल करतो.

मी ठोकळ्याचं विचारलं. मिस्त्री हसले. म्हणाले, "तुना बाप स्वतः ऊना व्हता. म्हने, मिस्त्री, मनी पोरना पाय क्लचले पोचत नही, लाकूड ठोकी दे. पन कोनले सांगू नको, पोरलेबी नको. तिले वाटू दे, गाडीले पहिलेपासूनच शे."

म्हणजे आबांना माहीत होतं. तू पहाटे केळी उतरवून झाल्यावर तापीकाठच्या गाडवाटेला पिकअप नेतेस, तुझी मैत्रीण बेबाबाई शेजारी बसून कुणी येतंय का बघते, हे त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी तुला थांबवलं नाही. तुझा पाय पोचावा म्हणून लाकूड लावलं आणि गप्प राहिले.

आणि तुला अठ्ठेचाळीस वर्षं वाटत आलंय, की बेबाबाईने चुगली केली, आबा संतापले आणि त्यांनी गाडी विकली.

चुगली मी केली, अक्का.

त्या वर्षीच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, नाना, काका आणि धुळ्याचे पाहुणे पंगतीत बसले होते. तुम्ही बायका आत खापरावर मांडे करत होतात. मी चौदा वर्षांचा. आबा मला गाडी शिकवणार होते, पण दर वेळी "पाय पोचू दे" म्हणायचे. काकांनी सगळ्यांसमोर चेष्टा केली, "काय ड्रायव्हर, पोचले का पाय?" सगळे हसले. मला ते हसणं सहन झालं नाही. मी म्हणालो, "माझे नाही पोचत, पण अक्का चालवते. रोज. नदीकडे नेते."

नानांनी ताटातला हात काढून घेतला. पाहुण्यांपैकी कुणीतरी खाकरलं. आबांनी मान वर केली नाही. एकटे असते तर त्यांनी मला दटावून गप्प केलं असतं, हे मला आत्ता कळतंय. पण नाना, म्हणजे त्यांचे वडील, आणि पाहुणे ऐकत होते, आणि मग त्यांच्या हातात काही राहिलं नाही. आठ दिवसांत गाडी एरंडोलला गेली. दोन महिन्यांत तुझं लग्न झालं.

त्या संध्याकाळी आबांनी मला गोठ्यामागे नेलं. मला वाटलं, मारतील. म्हणाले, "तू सांगितलं हे घरात कुणी बोलणार नाही. मी सगळ्यांना ताकीद दिलीय. तूही बोलू नको. भावाबहिणीत हे आयुष्यभर राहील." मी मान हलवली. तू आईला विचारत होतीस, कुणी सांगितलं, कुणी सांगितलं. आई म्हणाली, "ज्याला माहीत होतं त्याने." तू बेबाबाईचं नाव घेतलंस. मी चुलीपाशी बसलो होतो. बोललो नाही. पुढेही कधी बोललो नाही.

इतकी वर्षं मनाला सांगत आलो, की आबांना आज ना उद्या कळलंच असतं, ते रागावलेच असते. त्या लाकडाने तेवढीही सोय ठेवली नाही.

मिस्त्रींकडून आलो तो घरी न जाता आधी बेबाबाईकडे गेलो. ती ओट्यावर लसूण सोलत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने सोललेली पाकळी वाटीत टाकली. म्हणाली, "माले तव्हाच माहीत व्हतं. मी मांडा लई दारशे उभी व्हती." मी विचारलं, "मग अक्काला का नाही सांगितलंस? तिने तुला लग्नाच्या मांडवात येऊ दिलं नाही." ती लसूण सोलतच राहिली. मग म्हणाली, "तिले परगावले जानं व्हतं. भाऊ एकच. मैत्रीण नही राहिनी तरी चालस भो, पन बाईले माहेर पाहिजे."

अक्का, तुझं माहेर तिने राखलं. मी त्यात पाहुण्यासारखा बसून राहिलो.

माफी मागत नाही. ती मागायचा दिवस केव्हाच उलटून गेला. तू मला हवं ते बोल, हवं तर बोलू नकोस. फक्त बेबाबाईकडे एकदा जा. तिला हल्ली बोलताना दम लागून थांबावं लागतं.

आबांनी ज्याचं नाव कधी निघू दिलं नाही, तो
पितांबर


देवपूर, धुळे
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

पितांबर,

पत्र पोचलं. तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण देता येत नव्हतं. पहिल्यांदा वाचलं आणि गव्हाच्या कोठीवर ठेवलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दूध उतू गेलं. तिसऱ्यांदा यांना वाचायला दिलं. ते चष्मा काढून डबीत ठेवत म्हणाले, "पहिली चोपडा गाडी सव्वासहाला आहे. स्टँडवर सोडू का?"

तुला न सांगता येऊन गेले. तू धुळ्याला येऊन माझ्याकडे आला नाहीस, तशीच मीही. फिटंफाट.

बेबाबाईच्या दारात उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. म्हणाली, "चप्पल बाहेर काढ, आत्तेच पुसेल शे." अठ्ठेचाळीस वर्षांनी ही एवढीच तक्रार. मी तिथे उंबऱ्यातच बसले आणि रडले, तर ती म्हणाली, "आत ये वो, लोके पाही राह्यनात."

दोन दिवस राहिले. तिला दोन वाक्यं बोलली की थांबावं लागतं. मी वाट बघायचे. आम्ही जुनं फार बोललो नाही. तिने शेवयांचा भात केला, मी तिच्या औषधाच्या गोळ्या डबीत वारानुसार लावून दिल्या. तिची नात मला "धुळ्याची आजी" म्हणायला लागलीय.

दुसऱ्या दिवशी तू शेतात गेल्यावर तुझ्या घरी गेले. सुनंदाला मीच शपथ घातली होती, तिला रागावू नकोस. गाडी बघितली. रंग बरोबर जमलाय. दार उघडून खाली वाकले आणि ते लाकूड हाताने चाचपलं. मला खरंच वाटत होतं रे, की ते गाडीला पहिल्यापासूनच आहे.

आबांच्या शेवटच्या दुखण्यात मी महिनाभर त्यांच्या उशाशी होते. अंग पुसलं, पेज भरवली. पण मनातून त्यांच्याशी बोलले नाही. ते माझ्याकडे बघत राहायचे आणि मी खिडकीकडे बघायचे. हे आता मला एकटीलाच निस्तरायचं आहे, त्यात तुझी मदत नको.

तुझ्यावर रागावले आहे. चौदा वर्षांच्या पितांबरवर नाही. त्याला सगळे हसले, त्याच्या तोंडून निघून गेलं. मी रागावले आहे ते मोठ्या पितांबरवर. मी दर भाऊबीजेला बेबाबाईला नावं ठेवायचे आणि तू समोर बसून करंजी खायचास. तीस वर्षांचा झालास, पन्नासचा झालास, आणि खातच राहिलास. हा राग इतक्यात जाणार नाही. कधी जाईल मला माहीत नाही.

पण तू लिहिलंस. शेवटच्या दोन पानांवर खाडाखोड आहे, ती मी पाहिली.

यांनी लर्निंग लायसन्सचा फॉर्म आणून टेबलावर ठेवलाय. सहासष्टाव्या वर्षी डॉक्टरचा दाखला लागतो म्हणे. डोळे तपासून आले, चांगले आहेत. गाडीचं पुढे बघू.

या वर्षी भाऊबीजेला तू धुळ्याला येऊ नकोस. मीच येणार आहे, पण तुझ्या घरी नाही. बेबाबाईला सख्खा भाऊ नाही हे तुला ठाऊक आहे. सकाळी दहाला आंघोळ करून तिच्या ओट्यावर ये. पाट एक आणि ओवाळणाऱ्या दोघी असतील. आधी ती ओवाळेल, मग मी.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
अक्का