पातळी बरोबर आहे

८ जानेवारी, गुरुवार

हीटर चालत नाही. म्हणजे चालतो — वारा येतो, ऊब येत नाही. सिग्नलला थांबलं की गार, ऑटोबानवर वेग घेतला की जेमतेम कोमट. बाहेर उणे चार. फाफेनहोफेनहून इंगोलश्टाटला पोचेपर्यंत माझी बोटं बधिर, मागे अन्वी कोट-टोपीत गुंडाळलेली. तिची किटा, म्हणजे बालवाडी, ऑफिसच्या शेजारीच, त्यामुळे रोज पाच वर्षांच्या पोरीला हा थंडगार प्रवास.

आणि मी पोटापाण्यासाठी काय करते? गाड्यांच्या केबिनचं तापमान! ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. वेर्कश्टाटची, म्हणजे गॅरेजची, तारीख २६ची मिळाली. तोवर मीच बघते.

९ जानेवारी

केबिनचा फिल्टर बदलला. फरक शून्य.

११ जानेवारी, रविवार

बॉनेट उघडलं तसे बाबा खाली आले. दोन स्वेटर, वर मयुरेशचं जाकीट. सासरे डिसेंबरात आलेत, मार्चपर्यंत आहेत. बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, बॉनेट उघडं दिसलं की राहवत नाही. पहिला प्रश्न — पाणी बघितलंस का? मी सांगितलं, इथे पाणी नसतं, कूलंट असतं, आणि ते सारखं भरावं लागत नाही. तरी त्यांच्यासमोर बघितलं. दोन रेघांच्या बरोबर मध्ये. तपासायच्या यादीत आणखी एक खूण झाली.

ते पुढे काहीतरी बोलणार होते. मी म्हटलं, गार आहे, वर जा, आणि कृपा करून कशाला हात लावू नका. गेले.

१३ जानेवारी

थर्मोस्टॅट बदलला. लवकर घरी येऊन दोन तास घातले, करंगळी सोलून घेतली. हीटर जसाच्या तसा. लक्षणं सगळी कूलंटच्या नळ्यांत हवा अडकल्याची. पण हवा शिरेल कुठून? पातळी बरोबर आहे!

मयुरेश फोनवर म्हणाला, सोड ना, २६ला बघतील की. तो आठवडाभर हॅम्बर्गला. एस-बानची लोकल ऑफिसच्या दारात. त्याला काय!

१४ जानेवारी

बाबा माझ्याआधी उठतात, चहा तयार ठेवतात. आज कप घेताना हात लागला. बर्फ. घरात खोल्या तापवणारं हायत्सुंग चालू असताना? विचारायचं राहून गेलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

रविवारी पहाटे उणे चौदा सांगितलंय. म्हणून कूलंट किती थंडी सोसेल ते मापकाने बघितलं. उणे पाच! नीट बघितलं तर गुलाबी रंगही उडालेला, जवळजवळ पाणीच. गोठलं असतं तर इंजिन तडकलं असतं.

अन्वी शेजारी उभी होती. म्हणाली, "आजोबा गिब्ट इम वासर. येडन टाग." आजोबा त्याला पाणी देतात, रोज. कळलं. पहाटे, मी अंघोळीला गेले की. दाराजवळची किल्ली आणि स्वयंपाकघरातला जग.

वर जाऊन बोलले. नळाचं पाणी, या थंडीत, न विचारता. बाबा म्हणाले, "कमी व्हायचं म्हणून घालत होतो." मी म्हटलं, पातळी मी स्वतः तपासलीय. मग मी तेही बोलले जे बोलायला नको होतं — "बाबा, इथे तुमच्या हातांचं काही काम नाही." आवाज चढवला नव्हता. त्याने उलट जास्तच लागलं असेल.

त्यांनी जग विसळला आणि ओट्यावर पालथा ठेवला.

१७ जानेवारी, शनिवार

सगळं काढून टाकलं, नवं कूलंट भरलं, हवा काढली. मयुरेशने टॉर्च धरला. हीटर भट्टीसारखा! मी खूश.

चहाला बाबांनी मयुरेशला तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. पुण्यात सोसायटीची मीटिंग आहे म्हणे. मयुरेशने माझ्याकडे बघितलं. मी कप धुवायला घेतले.

१९ जानेवारी

ऊब पुन्हा कमी. नळाच्या पाण्याचा चुना आत बसला असणार. बाबांची कृपा. बॉनेट उघडलं नाही, परवाच तर मी भरलंय.

२१ जानेवारी, बुधवार

बाबांना म्युनिकच्या विमानतळावर सोडलं. गाडीत कोमटसुद्धा नाही. ते शाल लपेटून शेजारी बसले होते, सारखे डॅशबोर्डकडे बघत. विमान चुकेल म्हणून घड्याळ बघतायत असं मला वाटलं. तास-पाऊण तासात चार वाक्यं झाली असतील, तीही अन्वीच्या सर्दीवर.

ते आत जाताना मी नमस्काराला वाकले तर पाठीवर हात ठेवला. "रोज निघताना पाणी बघत जा." हो म्हटलं. परतताना हलकं वाटलं, हे खोटं कशाला लिहू.

२३ जानेवारी, शुक्रवार

ए-नाइन ऑटोबानवर तापमानाचा काटा लाल. अन्वी मागे. कशीबशी कडेला घेतली. गाडी ओढून वेर्कश्टाटला. तिथला म्हातारा माइस्टर, मुख्य मेकॅनिक, म्हणाला, पंप गळतोय, निदान डिसेंबरपासून. पातळीचा इशारा देणारा दिवाही मेलेला. मग मला विचारलं, "रोज कोण भरत होतं? त्या माणसाने तुमचं इंजिन वाचवलंय."

पातळी बरोबर होती, कारण रोज पहाटे कोणीतरी ती बरोबर करत होतं. आणि मी तीच त्यांच्या तोंडावर फेकली.

लाज वाटते. पुण्यात दुपारचे साडेतीन. झोपले असतील. तरी लावते.