चाचणीपुरता वर

डहाणू, नोव्हेंबर २०१७

चि. यतीन यास प्रल्हादकाकाचे आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? माझी तब्येत उत्तम. वाडीतला चिकू मात्र यंदा रेंगाळलाय. रविवारी तू तिकडून चाचणीच्या नोंदी पुसणार, त्याआधी हे पोचायला हवं. त्यातल्या एकीत माझा जीव अडकलाय आणि फोनवर बोलायचं धैर्य होत नाही.

मंडळाच्या वधू-वर केंद्राचा सर्व्हर तू सांगितलास तसाच बसवला, फक्त क्रम उलटा झाला. तू म्हणालास, आधी पासवर्ड घाला, बाहेरच्यांना बंदी करा, मग डेटाबेसमध्ये खोट्या नोंदी भरून बघा. पण जन्मभर तिकीट खिडकीवर बसलेला माणूस मी. आधी खिडकी उघडायची, कुलूप जाताना, एवढंच हाताला ठाऊक. त्यात खोटी नोंद काही सुचेना (रेल्वेने ती सवय लावलीच नाही), म्हणून पहिली स्वतःचीच केली. विधुर, निवृत्त, घोरतो, स्वयंपाकात फक्त खिचडी. मग उधव्याला एका लग्नाला गेलो आणि कुलूप राहूनच गेलं.

परत येतो तो बोर्डीच्या नयनाबाईंचा फोन. (शाळेतून निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही, आता केंद्राच्या नोंदी तपासतात.) म्हणाल्या, घरबसल्या पासवर्ड न विचारता सगळं उघडलं, म्हणजे साऱ्या जगाला उघडं आहे. मी शरमेनं गारच झालो. मग त्यांनी विचारलं, पहिली नोंद खरी की चाचणीपुरती? गडबडीत मी म्हटलं, चाचणीपुरती. त्या "बरं" म्हणाल्या. यतीन, ते "बरं" मला चैन पडू देत नाही रे. तुझी काकू गेल्यापासून कुणाच्या एका शब्दाचा मी इतका विचार केला नव्हता.

कुलूप लगेच घातलं. आता केंद्राचा, बाईंचा आणि तुझा, एवढेच संगणक आत येऊ शकतात. पासवर्ड मात्र बाईंना सांगायची लाज वाटली, म्हणून टाळाटाळ करत बसलो. तर त्यांनी तो पहिल्याच खेपेला ओळखला. कसा, म्हणून विचारलं.

"प्रल्हादराव, तुम्ही दर दोन वाक्यांआड तेच नाव घेता."

तुझाच,
प्रल्हादकाका

ता. क. बाकीच्या नोंदी खुशाल पूस. पहिली राहू दे. (घोरण्याचं तेवढं काढता आलं तर बघ.)

पुन्हा ता. क. पासवर्ड पत्रात लिहू नये म्हणतोस, पण काकूचं नाव तुला वेगळं काय सांगायचं! इतका कच्चा आहे तर बदलतो, असं मी बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "नाव राहू दे. पुढे काहीतरी जोडा."