आबांशी रोज बोलणारी

४ ऑक्टोबर, पलूस
आजपासून मी पलूसकर! दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले, खोलीही मिळाली. खिडकीतून ऊस दिसतो. घरमालकीण राजेश्वरीकाकूंनी आल्या आल्या चहा आणि भडंग पुढं केलं. जुन्या सिमला इथं रेंज नाही, म्हणून स्टँडसमोर छत्रीखाली बसलेल्या माणसाकडून नवं घेतलं. नुकतीच न्हाले होते, केस ओले, मोकळेच. अंगठा उमटेना म्हणून त्यानं पुन्हा पुन्हा टेकवून घेतला. मग मोबाईल चेहऱ्यासमोर धरून डोळे मिटा, उघडा, मान वळवा, जरा हसा. नाव-गाव मोठ्यानं म्हणायला लावलं. मला हसूच फुटलं, लग्नाचे फोटोसुद्धा कुणी इतक्या निगुतीनं काढत नाही! घरचा नंबर म्हणून आबांचा दिला.

११ ऑक्टोबर
आबांना फोन केला. फौजेतून आलेला माणूस, मुळात कमी बोलणारा. त्यात गेल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून पाटणजवळच्या आमच्या वाडीत एकटेच असतात. आमचं बोलणं जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच. आज मात्र खुलले होते. म्हणाले, "काल लय येळ बोललीस आमू. बरं वाटलं बग."
काल मी दिवसभर बाळंतिणींच्या वॉर्डात होते, फोन कपाटात. स्वप्न पडलं असेल त्यांना. एकट्या माणसाचं होतं असं.

१६ ऑक्टोबर
वाडीतल्या आमच्या शेजारच्या बायडाबाईंचा फोन. माझं कौतुक करत होत्या. रोज सांजच्याला व्हिडिओवर बापाशी बोलतीस, गुणाची पोर हायस. फक्त केस तेवढं बांधत जा म्हणाल्या, वल्लं केस मोकळं सोडू नयेत.
मी केस कधीच मोकळे सोडत नाही. फक्त त्या दिवशी, सिम घेताना.

१७ ऑक्टोबर
आबांना विचारलं, रोज कोण बोलतं तुमच्याशी? "तूच की," म्हणाले. मग आपण होऊन सांगू लागले. तिनं त्यांना विचारलं होतं, आई कशी गेली. आणि आबांनी तिला सगळं सांगितलं. आईचा हात गार पडला तरी उजाडेपर्यंत सोडला नव्हता, तेसुद्धा. मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.
मी म्हटलं, आबा, ती मी नव्हे. त्यांनी फोन ठेवला.

१८ ऑक्टोबर
आबा माझा फोन घेत नाहीत. बायडाबाईंकडून कळलं, तिनं त्यांना बजावलंय की कुणीतरी माझ्या आवाजात फोन करील, उचलू नका. आबांनी माझा नंबरच ब्लॉक करून घेतला. म्हणाले म्हणे, "लेकीचा आवाज मला वळकत न्हाई व्हय?"
पोलिसांकडे गेले. ओळख पटवायचा आधारचा कोड माझ्याकडं आलाच नाही, भलत्याच नंबरवर गेला; पुन्हा पुन्हा टेकवलेल्या अंगठ्यावर त्या छत्रीवाल्यानं माझ्या नावाचं आणखी एक सिम काढलेलं. बायडाबाईंना म्हटलं, मावशी, तुम्ही सांगा त्यांना. तर हळूच म्हणाल्या, "पर तू तरी खरी कशावरनं गं?"
उद्या पहिल्या एसटीनं जाते. मला समोर बघितल्यावर तरी—

१९ ऑक्टोबर, वाडी
दाराला कुलूप. बायडाबाई मला बघून पायरीवरच बसल्या. आबा उजाडायच्या आधीच कराडला गेले. "तूच बोलवलंस न्हवं? पाय मोडलाय म्हनलीस, रडत हुतीस—" धुतलेली टोपी घालून गेले. माझ्यासाठी भाकरी बांधून घेतली.
फोन लागत नाही.

१९ ऑक्टोबर, कराड स्टँड
आबांचा फोटो दाखवत फिरतेय. चहावाल्यानं ओळखलं. मोटरसायकलवर एकजण आला, पोरीला भरती करायला बापाचा अंगठा लागतोय म्हणून घेऊन गेला, परत आणून सोडलं. मग आबा इथंच बसून. चहावाल्यानं सावलीत बोलावलं. म्हणाले, "लेक येतीया, हितंच थांब म्हनलीया. जागा सोडली तर चुकंल ती." पाणीसुद्धा—
मग कोसळले. दवाखान्यात नेलंय.
सकाळी याच स्टँडवर मी गाडी बदलली. मी पाटणच्या गाडीत चढले तेव्हा आबा इथंच—

२० ऑक्टोबर
आबा गेले. मी पोचायच्या आधीच.
त्या अंगठ्यावर आबांचं खातं रिकामं केलंय म्हणतात. करू दे.
भाकरीचं फडकं दिलं माझ्या हातात. गाठ तशीच. तिच्यासाठी बांधलेली. की माझ्यासाठी—

२४ ऑक्टोबर, वाडी
माणसं पांगली. सांजेला फोन वाजला. व्हिडिओ.
पडद्यावर आबा.
बायडाबाई किंचाळल्या, उचलू नगंस. मी उचलला. "आमू, लय वाट बघितली गं. कुटं हुतीस?"
हातातून फोन पडला.

२५ ऑक्टोबर
हे कोण आहे, मला माहीत आहे; माझा उचलला तसा रोजच्या व्हिडिओतून आबांचाही चेहरा-आवाज उचललाय. माझ्याकडून काय हवंय, तेही. बंद करून टाकावा. पण तो आवाज—
पुन्हा वाजतोय. बायडाबाई दार वाजवतायत.
नुसतं एकदा. त्यांना सांगायचंय, आबा, मी आले होते, मी त्याच स्टँडवर—