काठीचा गुणांक

२१ फेब्रु.
पुरुषोत्तमनगरकडच्या हवामान केंद्राचं सूत्र एकदाचं बसलं. नुसत्या कमाल-किमान तापमानावरून काढलेला आकडा यंत्राच्या आकड्याशी जुळतोय. दिवसाला जमिनीतून, पानांतून किती पाणी उडतं, एवढंच तर काढायचंय. काठी गावाचा गुणांक, म्हणजे सूत्राला गुणायचा आकडा, मात्र फारच कमी येतोय. डोंगरातला गारवा, दुसरं काय. सर म्हणाले, "चालेल, लाव." त्यावरच काठीतल्या नऊ घरांच्या मिरचीचं पाणी ठरवून दिलं. टाकी मे अखेरपर्यंत पुरते. खूश.

१९ मार्च
दिलवरदादांनी काठीच्या वहीचे फोटो पाठवले. दादांचं काम एवढंच: रोज सकाळी उघड्या पात्रातलं पाणी खुणेपर्यंत भरायचं, किती मापं लागली ते लिहायचं. तेच उडालेलं पाणी, गुणांक त्यावरूनच. होळीच्या आसपासचे नऊ दिवस आकडे एकदम चढे! तापमान तेच. फोन केला.
"होळीचं व्रत पाळत होतो ताई, घरी नव्हतो. सेरानं भरलं."
सेराबाई म्हणजे त्यांची बायको. लिहिता येत नाही, म्हणून प्रत्येक मापाला भिंतीवर कोळशाची रेघ. दादांनी परत येऊन त्या वहीत उतरवल्या. माझं डोकंच फिरलं. शेळ्या प्यायल्या असणार! नऊच्या नऊ दिवस खोडले, दादांना तसं कळवलंही. आलेख लगेच सरळ.

२० मार्च
घरी जेवताना आबांना सगळं सांगितलं. आबा ऊसवाले, त्यांना आलेखाचं काय.
"तुन्हं सूत्र काय सांगी ऱ्हायनं ते समजनं. झाड काय सांगी ऱ्हायनं ते पाह्यं का?"
राग आला. पण मिरची पाहिली नाहीये हे खरं. न कळवताच जाऊन येते.

२४ मार्च
काठी. मोलगीपर्यंत बस, पुढे जीप. पात्रावर बांबूचा तट्टा झाकलेला! दादांना विचारलं, हे काय?
"शेळ्या, कावळे पितात ना ताई. आकडा खोटा नको यायला. सकाळी भरतो की झाकतो. तुम्ही येणार असल्या की काढून ठेवतो, नीट दिसायला पाहिजे."
नोव्हेंबरपासून रोज हेच. अरे देवा. झाकलेल्या पात्रातलं पाणी उडेल कसं? गारवा कसला, तट्ट्याची सावली मोजत होते मी. आणि दादांना 'झाकू नका' असं मी कधी सांगितलंच नव्हतं.
होळीत तट्टा कुठे होता? सेराबाई फणकाऱ्यानं म्हणाली, "पाळणारे खाटेवर बसत नाहीत. तट्टा त्यांना खाली बसायला दिला. म्हणून मीच राखत बसले, दगड घेऊन. एक शेळी प्यायली नाही. तुम्ही माझे दिवस खोडले म्हणे?"
म्हणजे खोडले तेच तेवढे खरे. एवढी लाज कधी वाटली नव्हती.
तिची मिरची पाहिली. पानं वळलेली, फुलं गळलेली. "तुमच्या कागदाप्रमाणेच पाणी देतो आम्ही," म्हणाली.

२५ मार्च
सर: "नऊ दिवसांवर गुणांक उभा राहतो का? जुनाच दे, परवा अहवाल जायचाय."
मी: "खोटा आहे हे माहीत असून?"
सर: "तुझं तू बघ."
दोनदा मांडून पाहिलं. नऊ दिवसांचा धरला तर पाणी दुप्पट, टाकी एप्रिलातच कोरडी. जुना ठेवला तर मिरची आत्ताच जाते. टाकी तर काही वाढणार नाही.

२७ मार्च
अहवालात काठीचा रकाना कोरा. खाली लिहिलं: चूक माझी, निरीक्षकाची नाही. सरांनी वाचलं, सही केली.
मग काठीला फोन. तट्टा काढलाय, पात्र सेराबाई राखतेय. फोन तिनंच घेतला. दुप्पट पाणी द्या म्हटलं.
"हा आकडा खरा?"
"तुमच्या रेघांचाच आहे बाई. नऊच दिवसांचा, पण जवळचा."
"मग टाकी?"
एप्रिलपुरती, म्हटलं. सगळ्यांना दिलं तर. चार-पाच घरांनाच दिलं तर पुढे जाईल.
मागे बायकांचा आवाज येत होता, मिरचीवाल्याच असाव्यात.
"मग कोणाची मिरची सोडायची, ते पण तुम्हीच सांगा. त्या इथंच बसल्यात."
फोन कानाला धरूनच नऊ घरांची यादी पुढे ओढली.